दुसरे सत्र कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेचे वर्ष दोन सत्रांत विभागलेले असते. पहिले सत्र जूनच्या मध्यास सुरू होऊन दिवाळीच्या सुटीपाशी संपते; दुसरे दिवाळीनंतर सुरू होऊन वार्षिक परीक्षेपाशी थांबते. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही अर्थकारण दडले असेल अशी शंकाही कोणास येत नाही. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात मात्र या दोन सत्रांच्या मध्ये जी रेघ आहे ती केवळ सुटीची रेघ नव्हे. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी, परळी या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर पहिल्या सत्रात एका सतरंजीवर बसलेली मुले दुसऱ्या सत्रात दोन ठिकाणी आढळतात. काही शाळेत असतात, काही उसाच्या फडात.

शिक्षणाच्या दुरवस्थेवर आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. येथे विषय त्याहून लहान आहे. प्राथमिक शाळेचा एक वर्ग एका सत्रात काय करतो आणि काय शिकतो, एवढाच. परंतु या एका सत्राचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला, तर जिल्ह्याचे आणि राज्याचे बरेचसे अर्थशास्त्र त्यातून उलगडते.

भरलेला वर्ग

बालाघाटच्या डोंगरात वसलेल्या एखाद्या वाडीवरील जिल्हा परिषद शाळेचा तिसरीचा वर्ग डोळ्यांपुढे आणावा. हा कोणा एका शाळेचा वृत्तान्त नव्हे. अशा शाळा जिल्ह्यात शेकड्यांनी आहेत. जूनमध्ये शाळा भरते. नवी पुस्तके हाती पडतात. सकाळी परिपाठ होतो, पाढ्यांची उजळणी होते, दुपारी पोषण आहाराची खिचडी शिजते. शाळेतच अन्न शिजवून द्यावे हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २००१ चा. त्याने या वाड्यांवरील हजेरी वाढविली हे निःसंशय. ऑगस्टमध्ये प्रभातफेरी निघते. पोळ्याच्या सुमारास मुले चिकणमातीचे बैल करतात आणि त्या बैलांच्या शिंगांत, वशिंडात जी निरीक्षणशक्ती दिसते ती शहरातल्या चित्रकलेच्या तासालाही दिसत नाही. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे झेंडावंदन होते.

तिसरीच्या मुलांना आपल्या जिल्ह्याचा नकाशा शिकविण्याची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. उत्तरेच्या सीमेवरून वाहणारी गोदावरी, दक्षिणेकडील मांजरा, मधली सिंदफणा आणि तिला मिळणारी बिंदुसरा, आडवा पसरलेला बालाघाट आणि अकरा तालुके. मुले ही नावे तालात म्हणतात, नकाशात रंग भरतात. गणितात संख्यांची ओळख, बेरीज, वजाबाकी आणि गुणाकाराची सुरुवात होते. भाषेत जोडाक्षरे पक्की होऊ लागतात. दिवाळीपूर्वी पहिल्या सत्राची परीक्षा होते आणि मुलाच्या प्रगतिपुस्तकात बऱ्यापैकी शेरा पडतो.

या वर्गाचे मोल कमी लेखू नये. निजामी राजवटीत या भागात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि मराठी मुलाला आपल्या भाषेत शिकणे दुर्मिळ होते. अंबाजोगाई, म्हणजे त्या काळचे मोमिनाबाद, येथील शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले ते याच परिस्थितीत. राज्यसत्तेने जे नाकारले ते लोकांनी आपल्या त्यागातून उभे केले. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि शाळा हळूहळू वाडीपर्यंत पोचली. ही लहान गोष्ट नव्हे. दुर्दैव असे की, शाळा वाडीपर्यंत पोचली तेव्हा मूल वाडीत राहिलेले नव्हते.

तीस सप्टेंबरची गणना

सरकारी दप्तरात शाळेच्या पटाची अधिकृत गणना ३० सप्टेंबर या तारखेची धरली जाते. शिक्षकांची पदे, अनुदाने, आहाराचे अंदाज, राज्याच्या पटनोंदणीची अभिमानाने सांगितली जाणारी टक्केवारी, या साऱ्यांचा पाया त्या दिवसाचा पट. आता बीडचे पंचांग पाहा. ३० सप्टेंबरला मुकादमाची उचल घरात येऊन पडलेली असते, पण ट्रक अजून गावात आलेला नसतो. वर्षातील ज्या दिवसांत वर्ग सर्वांत भरलेला असतो, नेमक्या त्याच दिवसांत सरकार मुले मोजते. दसरा उलटला की टोळ्या निघू लागतात आणि दिवाळीनंतर वाड्या ओस पडतात. म्हातारी माणसे, काही जनावरे आणि कुलूप घातलेली घरे मागे उरतात.

यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष नाही. देशभरासाठी एक तारीख असावी हे सोयीचे आहे. परंतु सोयीची आकडेवारी कोणाचे दुःख झाकते हे पाहणे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम आहे. बीडमध्ये ३१ जानेवारीला दुसरी गणना केली, तर त्या दोन आकड्यांमधले अंतर हेच या जिल्ह्याचे खरे शैक्षणिक सर्वेक्षण ठरेल.

या रिकाम्या वर्गांवर आता दुसरेही संकट आहे. वीसहून कमी पटाच्या शाळांची माहिती २०२२ मध्ये मागविण्यात आली आणि २०२३ मध्ये अशा शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव पुढे आले. वाडीवरची शाळा एकदा पाच-सहा किलोमीटर दूर गेली, की आजीजवळ राहिलेली आठ वर्षांची मुलगी तेथवर जाणार नाही. मग आईबापही तिला मागे ठेवणार नाहीत. शाळा बंद झाल्यामुळे वाढलेले स्थलांतर हे पुढे शाळा बंद करण्याचे कारण म्हणून दाखविले जाईल.

दुसऱ्या सत्रातील दोन शाळा

दिवाळीनंतर वर्गाचे दोन भाग होतात. गावात राहिलेल्या मुलांचे सत्र सुरू होते. त्यांच्या क्रीडास्पर्धा होतात, एखादी सहल निघते, प्रजासत्ताक दिनाला संचलन होते, स्नेहसंमेलनात गाणी म्हटली जातात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त बालिकादिन साजरा होतो. त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या बालिका कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत किंवा थेट कर्नाटकात असतात. नकाशावर रंगविलेल्या जिल्ह्यात त्या नसतात.

त्यांच्या सत्राचेही एक वेळापत्रक आहे. पहाटे, अनेकदा मध्यरात्रीनंतर, आईबाप फडात जातात. कोपीत मागे राहिलेली मोठी मुलगी चूल पेटविते, पाणी आणते, तान्ह्या भावंडाला सांभाळते आणि दुपारी भाकरी घेऊन फडावर जाते. मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधण्यास हात लावतो, बैलगाडीची टोळी असेल तर बैलांना पाणी दाखवितो. कोणी त्याला मजूर म्हणत नाही, कारण त्याला मजुरी नाही. पण तो नसेल तर आईचा कोयता अडतो हे सर्वांना ठाऊक असते.

ही मुले काहीच शिकत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोळीचे वजन त्यांना नजरेने कळते. गाडी भरण्यास किती वेळ लागेल ते सांगतात, उसाच्या जाती ओळखतात, अनोळखी मुलखात रस्ता शोधतात. पण त्यांचे ज्ञान परीक्षेत विचारले जात नाही, आणि परीक्षेत जे विचारले जाते ते त्यांच्या अनुपस्थितीत शिकविले गेलेले असते.

शिक्षणहक्काच्या कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापनाची अट घातली आहे. जे मूल नोव्हेंबरपासून मार्चअखेर फडात असते, त्याच्या वाट्याला यातले ढोबळमानाने निम्मे दिवस येतात. म्हणजे पहिली ते चौथी या चार वर्षांत त्याची दोन वर्षे फडात जातात. तरीही ते पाचवीत पोचते, कारण खालच्या वर्गांत नापास करावयाचे नसते. आणि २०२३ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला उत्तीर्ण होण्याची अट असलेली वार्षिक परीक्षा आली आहे. ही परीक्षा हंगाम संपताना होते. ज्याने सत्र पाहिलेच नाही त्याची सत्राच्या शेवटी परीक्षा घ्यावयाची आणि नापासाचा शिक्का त्याच्याच कपाळी मारावयाचा, हा न्याय विचित्र आहे.

भागाकाराचा धडा

दुसऱ्या सत्रात नेमके काय शिकविले जाते, याकडे कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे. प्राथमिक गणिताची पुस्तके सोप्याकडून कठिणाकडे जातात आणि त्यामुळे भागाकार, अपूर्णांक, वजनमापे, पैशाचे व्यवहार हे भाग सामान्यतः वर्षाच्या उत्तरार्धात येतात. जे मूल दरवर्षी दिवाळीला वर्ग सोडते ते बेरीज-वजाबाकी पुन्हा पुन्हा शिकते, पण भागाकारापाशी कधीच पोचत नाही.

आता फडाकडे पाहा. तेथील सारा व्यवहार भागाकाराचा आणि अपूर्णांकाचा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. बहुधा हाच या मुलांच्या आयुष्यातला पहिला अपूर्णांक. पावसाळ्यात दवाखाना, लग्न, बी-बियाणे किंवा खाण्यापिण्यासाठी उचल घ्यावयाची आणि ती हंगामभर ऊस तोडून फेडावयाची. किती टन तोडले, दराने किती झाले, त्यातून किती वळते झाले, किती खाडे धरले, किती बाकी राहिली, हे सारे मुकादमाच्या वहीत असते. ती वही आईबापांना वाचता येत नाही, कारण त्यांच्याही शाळेतले दुसरे सत्र असेच गेलेले असते. हंगामाअखेर 'तुमच्याकडे एवढे निघतात' असे मुकादमाने सांगितले, की ते मान्य करावे लागते आणि पुढच्या वर्षीचा कोयता आदल्या वर्षीच्या बाकीत बांधला जातो.

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला साडेतीनशे रुपयांच्या पुढे गेला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरले, तर दोन माणसांचे मिळून सातशे रुपयांच्या थोडे वर होतात, आणि त्यात मुलीचे घरकाम व मुलाची मोळी धरलेली नाही. हा साधा हिशेब तिसरीच्या पुस्तकातल्या उदाहरणाएवढाच आहे. पण तो करता येणे आणि न येणे यांत स्वतंत्र मजूर आणि बांधलेला मजूर यांच्यातले अंतर सामावलेले आहे. म्हणूनच दुसरे सत्र हा केवळ शिक्षणखात्याचा विषय नव्हे. गमावलेल्या भागाकाराच्या धड्यातून कर्ज वारशाने पुढे जाते.

मुलींच्या बाबतीत हा वारसा अधिक क्रूर आहे. कोयता जोडीचा असल्याने लग्न लवकर होते. दोन अर्ध्यांचा एक पूर्ण कोयता तयार होतो आणि उचलही जोडीला मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी दर पाचांत दोघींहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली हे प्रमाण महाराष्ट्रात सर्वांत कमी होते. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. ज्या अर्थव्यवस्थेत मुलीची किंमत तिच्या अर्ध्या कोयत्यावर ठरते, तिचीच ही तीन रूपे आहेत.

हा व्यवहार नैसर्गिक नाही

'ही परंपरा आहे, लोकांना सवय झाली आहे' असे पुष्कळदा ऐकू येते. हे खरे नव्हे. एवढ्या प्रमाणावरचे ऊसतोडीचे स्थलांतर सहकारी साखर कारखानदारीबरोबर वाढले. प्रवरानगरचा कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्यामागे जे स्वप्न पाहिले ते शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या पाशातून सोडविण्याचे होते. ते पुष्कळ अंशी साध्य झाले. मात्र सहकाराच्या सभासदांच्या यादीत ऊस पिकविणाऱ्याचे नाव होते, ऊस तोडणाऱ्याचे नव्हते. तोडणारा बाहेरचा राहिला. कारखान्याचा करार मुकादमाशी आणि मुकादमाचा व्यवहार मजुराशी; मध्ये हा एक पडदा ठेवल्यामुळे मालक कोण हेच मजुराला कधी नीट सांगता आले नाही.

दुसरीकडे, उसाच्या पट्ट्यात कारखान्यांच्या आधाराने शाळा उभ्या राहिल्या, महाविद्यालये उभी राहिली आणि १९८३ नंतर विनाअनुदान धोरणाखाली अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयेही आली. त्यांच्या इमारतींच्या वाटेवर टोळ्यांच्या कोप्या दिसतात. एकाच टनातून एकाच्या मुलाला अभियांत्रिकीची पदवी मिळते आणि दुसऱ्याच्या मुलाची तिसरी इयत्ता बुडते. हे वास्तव मांडण्यात द्वेष नाही. हा हिशेब आहे.

मराठवाड्याची कोरडवाहू शेती, सिंचनाचा अनुशेष आणि वारंवारचे दुष्काळ यांनी मजुरांचा पुरवठा अखंड ठेवला. विभागीय असमतोलावर वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला, तेव्हापासून अनुशेष हा शब्द राजकारणात रुळला. पण तो रस्ते, पाटबंधारे आणि विजेच्या आकड्यांपुरता वापरला गेला. बुडालेल्या सत्रांचा अनुशेष कोणी काढला नाही. रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळातून रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. राबणाऱ्याला आपल्या गावाजवळ काम मागण्याचा हक्क देणारा तो कायदा महाराष्ट्राचे भूषण होता. तथापि हमीच्या कामाचा पैसा काम केल्यावर, तोही उशिरा मिळतो आणि उचल कामाच्या आधी, गरजेच्या दिवशी एकरकमी हातात पडते. गरिबाला व्याजाचा दर कळत नाही असे नाही. त्याला दुसरा सावकार नसतो. म्हणून वाडीतच वेळेवर, अल्प व्याजाचे कर्ज मिळण्याची सोय होईपर्यंत मुकादमाच्या उचलीला पर्याय उभा राहणार नाही. शाळेचा प्रश्न शेवटी पतपुरवठ्याशी येऊन भिडतो तो असा.

आजवरचे उपाय

उपाय झाले नाहीत असे नाही. त्यांचा आदराने आणि चिकित्सकपणे विचार केला पाहिजे.

पहिला उपाय साखरशाळांचा. कारखान्याच्या परिसरात, टोळ्यांच्या तळाजवळ हंगामी शाळा चालविण्याचे हे काम जनार्थसारख्या संस्थांनी केले. त्यामागची कल्पना थोर परंपरेतली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा तिचा मंत्र. साखरशाळेने तोच उचलला. पण कुरणातले मूल संध्याकाळी आपल्या घरी परतत असे. फडातल्या मुलाचे घरच हलते असते. टोळी या शिवारातून त्या शिवारात गेली की शाळा तुटते. एप्रिल २०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यावर अशा अनौपचारिक शाळांऐवजी नजीकच्या नियमित शाळेत प्रवेश देण्याचे धोरण आले. कायद्याने स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे. पण हंगामाच्या मध्यात आलेले, चार महिन्यांनी जाणारे मूल त्या वर्गात पाहुणेच राहते. आणि टोळी कर्नाटकात असेल तर फळ्यावर कानडी असते.

दुसरा उपाय गावातील हंगामी वसतिगृहाचा. आईबाप गेले तरी मूल आजी-आजोबांजवळ किंवा नातलगांकडे राहील, शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या जेवणाची सोय करील. बीडच्या परिस्थितीत हा उपाय सर्वांत योग्य आहे, कारण त्यात मुलाची शाळा, शिक्षक आणि भाषा तुटत नाही. त्याच्या दोन उणिवा आहेत. मंजुरी आणि पैसा अनेकदा टोळ्या निघून गेल्यानंतर पोचतो, तोपर्यंत मूल ट्रकवर चढलेले असते. दुसरे असे की, जेवणाची सोय म्हणजे वसतिगृह नव्हे. रात्री मुलगी कोठे झोपते, तिच्याजवळ कोण असते, ती आजारी पडली तर काय, या प्रश्नांना उत्तर नसेल तर आई तिला बरोबरच नेणार. हा अडाणीपणा नव्हे, हा तिचा शहाणपणा आहे.

तिसरा उपाय सरकारी वसतिगृहांचा. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावे ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याचा निर्णय झाला. प्रत्येकी शंभर मुले म्हणजे ८,२०० जागा. ऊसतोड मजुरांची संख्या लाखांत आहे, तेव्हा दिशा बरोबर असली तरी पल्ला किती लांब आहे हे स्पष्ट होते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये आणि तेवढीच सरकारची भर, अशी योजना आखली गेली. राज्यात हंगामात दहा कोटी टन गाळप झाले तर एका बाजूचे शंभर कोटी आणि दोन्ही बाजूंचे दोनशे कोटी होतात. पैसा नाही ही सबब त्यामुळे टिकत नाही. तो पुरता जमा होतो का आणि दिवाळीपूर्वी वाडीत पोचतो का, एवढेच विचारावयाचे आहे.

स्वयंसेवी प्रयत्नांचा उल्लेख केलाच पाहिजे. शिरूर कासार तालुक्यातील आर्वीच्या शांतिवनाने ऊसतोड मजुरांच्या मुलांना घर आणि शाळा दिली. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये उभारलेल्या मानवलोकने या भागातील कष्टकऱ्यांत दीर्घकाळ काम केले. अशी कामे काय शक्य आहे ते दाखवितात. ती सर्वांना पुरतील अशी अपेक्षा त्यांच्यावर लादणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे होय.

दोन आक्षेप

एक आक्षेप असा की, आईबापांनाच शिक्षणाची गोडी नाही. ज्या वाड्यांत वसतिगृह वेळेवर सुरू झाले आणि विश्वासाचे माणूस तेथे होते, तेथे आईबाप मुले ठेवून गेले. जेथे झाले नाही, तेथे घेऊन गेले. प्रश्न गोडीचा नसून भरवशाचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, एक सत्र बुडाल्याने काय मोठेसे बिघडते? याचे उत्तर साऱ्या समाजाने २०२० मध्ये स्वतःच दिले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, टोळ्या फडातच अडकल्या, त्यांना परतण्याची परवानगी एप्रिलमध्ये मिळाली. शाळा मात्र दीर्घकाळ बंद राहिल्या. त्या वेळी शहरांतील पालक, तज्ज्ञ, वृत्तपत्रे, सारे मुलांच्या शैक्षणिक हानीने व्याकूळ झाले. ती व्याकुळता योग्यच होती. पण जी हानी मध्यमवर्गाच्या मुलांनी एकदा सोसली, ती बीडची मुले दरवर्षी सोसतात. तसेच २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवावी की नाही यावर महाराष्ट्र पेटून उठला आणि सरकारला जूनअखेर आपले निर्णय मागे घ्यावे लागले. मातृभाषेसाठीचा तो लढा उचितच होता. ज्या मुलांचा मराठीचा निम्मा तासच होत नाही, त्यांच्यासाठी तशी एकजूट एकदाही दिसू नये, हे मात्र शोचनीय आहे.

यात काळाची एक निकडही आहे. उसाच्या शेतात तोडणी यंत्रे येऊ लागली आहेत आणि ती वाढतच जाणार. अमानुष कष्टांचे काम यंत्राने करावे यास समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु आज जी मुले तिसरीत आहेत ती पंचवीस वर्षांची होतील तेव्हा कोयत्याची मागणी किती उरेल? शाळा सोडून कोयता शिकलेल्या पिढीच्या हातून कोयताही गेला, तर तिच्याजवळ काय राहील? हे सत्र बुडू न देण्याची मुदत त्यामुळे फार मोठी नाही.

करावयाचे काम

ठराव पुष्कळ झाले. येथे कामाच्या पाच गोष्टी मांडलेल्या बऱ्या.

पहिली : सप्टेंबरमध्ये प्रत्येक वाडीत कोणती मुले जाणार याची नावनिशीवार यादी कार्यकर्त्यांनी करावी. ती शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत वाचावी आणि वसतिगृहाची मंजुरी दसऱ्यापूर्वी मागावी. दसऱ्यानंतरची मंजुरी ही नामंजुरीच होय. रात्रीच्या मुक्कामासाठी गावातल्याच विश्वासू स्त्रीची पगारी नेमणूक हा या मागणीचा भाग असावा.

दुसरी : पटाची दुसरी गणना जानेवारीअखेर व्हावी अशी मागणी करावी. मात्र तिच्या आधारे शिक्षक कमी करता येणार नाहीत हे आधी मान्य करून घ्यावे.

तिसरी : मजुरीच्या कराराच्या बैठकीत दराबरोबर मुलांचे कलम यावे. बबनराव ढाकणे यांच्यासारख्यांनी या मजुरांची संघटना बांधली तेव्हापासून लढा मुख्यतः दरासाठी झाला, आणि तो आवश्यकच होता. पण टोळीच्या नोंदीत मुलांची नावे, मजुरीच्या पावतीवर स्त्रीचे स्वतंत्र नाव आणि उचलीच्या हिशेबाची मजुराला प्रत, या मागण्या दरवाढीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

चौथी : पश्चिम महाराष्ट्रातील साथींनी हंगामात आपल्या शिवारातल्या तळांना भेट द्यावी. शाळेबाहेर दिसलेल्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत दाखल करावे आणि ते काय शिकले याचा कागद त्याच्याबरोबर गावी परत जाईल असे पाहावे.

पाचवी : टोळ्या परतल्या की एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत वाडीत सुटीचे वर्ग घ्यावेत. त्यात नवे काही शिकवू नये. राहिलेला भागाकार आणि राहिलेले वाचन एवढेच घ्यावे. संध्याकाळी तोच फळा आईबापांसाठी वापरावा आणि त्यावर मुकादमाच्या वहीतील हिशेब सोडवावा. तीन-चार तरुणांचे एक पथक एका वाडीला पुरेसे आहे. यासाठी सरकारची परवानगी लागत नाही आणि अनुदानही लागत नाही.

यातील शेवटचे काम सर्वांत लहान आहे, पण पहिल्या चारही मागण्यांना बळ देणारे तेच आहे. ज्या बाईला आपल्या टनांचा हिशेब स्वतः करता आला, तिच्याकडून तिच्या मुलीचे सत्र हिरावून घेणे सोपे राहणार नाही. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. याद्यांचे काम त्याआधी संपले पाहिजे.